प्रतीकात्मक संवाद म्हणजे फक्त बोललेली भाषा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: प्रतीकात्मक संवादात, म्हणजे दोघांनाही सारखाच कळणाऱ्या चिन्हांनी होणाऱ्या संवादात, हाताच्या खुणा धरायच्या का, आणि सामाजिक नियमांशी त्याचा संबंध काय. खुणा धरायच्याच. यावरून माझं भर वर्गात भांडण झालंय.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. तो खुणा शिकला तशा मीही शिकले. कॉलेजात आमचे सर जॉर्ज हर्बर्ट मीड या अमेरिकन विचारवंताचा सिद्धान्त शिकवत होते. कुत्र्यांच्या भांडणाचं मीडचं उदाहरण तुम्ही वाचलं असेलच: एक अंगावर येतं, दुसरं पवित्रा बदलतं, पण दोघांत सामायिक अर्थ काही नसतो. माणसाच्या प्रतीकाचा अर्थ मात्र करणाऱ्याला आणि समोरच्याला सारखाच कळतो. इथवर ठीक. मग सर म्हणाले, "बहिऱ्यांचे हातवारे या कुत्र्यांच्या प्रकारातले." मी उठून उभी राहिले. म्हटलं, सर, माझा भाऊ काल कुठे होता याबद्दल आईशी खुणांनी खोटं बोलतो, आणि मी ते पकडते. 'तू आला असतास तर' हेही तो खुणांनी म्हणतो. कुठलं कुत्रं गुरगुरून हे सांगेल? सर म्हणाले, घरच्या उदाहरणावरून सिद्धान्त ठरत नाही. वर्ग हसला. मी बसले.

तेव्हा मला विल्यम स्टोकी हा अमेरिकन भाषाअभ्यासक माहीत नव्हता. त्याने १९६० मध्येच दाखवून दिलं होतं की अमेरिकन सांकेतिक भाषेतली खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांनी बनते. सुटे घेतले तर त्यांना अर्थ नसतो, जसा शब्दातल्या सुट्या ध्वनींना नसतो. निकाराग्वात तर १९७०च्या दशकाच्या शेवटी आणि १९८०च्या दशकात शाळेत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी आपसांत नवी भाषाच घडवली, आणि मागून आलेल्या लहानग्यांनी तिचं व्याकरण आणखी पक्कं केलं. संस्कृती कशी तयार होते हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? आणि 'हे नुसते हातवारे' या समजुतीची किंमत मुलांनीच मोजली. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेने बोलून शिकवण्याच्या बाजूने ठराव केला आणि कितीतरी शाळांतून खुणा हद्दपार झाल्या.

नियमांचं थोडक्यात. समनर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये लोकरीती आणि लोकनीती असा भेद केला. पहिली मोडली तर कपाळाला आठ्या पडतात, दुसरी मोडली तर लोक खवळतात. ऐकू येणारी माणसं बोलता बोलता खिडकीबाहेर बघतात, कुणाला काही वाटत नाही. भाऊ बोलत असताना मी एकदा तसं केलं. तो हात खाली घेऊन खोलीतून निघून गेला. नजर काढणं म्हणजे त्याच्या लेखी कानात बोटं घालणं. म्हणजे संवाद कशाने चालतो त्यावर त्याचे नियमही ठरतात.

हे सगळं उत्तरपत्रिकेत लिहा, आणि शिक्षकांनी खोडलं तर स्टोकीचं नाव दाखवून भांडा.

एक राहिलं. मीडचा स्वतःचा भर आवाजावर होता, कारण आपला आवाज आपल्यालाही ऐकू येतो, त्यामुळे सरांनी ते अगदी हवेतून काढलं नव्हतं. शिवाय शरीराची प्रत्येक हालचाल काही प्रतीक नसते. आलेली जांभई ही नुसती जांभई. कंटाळलोय हे कळावं म्हणून मुद्दाम दिलेली जांभई मात्र प्रतीक. माझा भाऊ ही दुसरी सरांच्या तासाला नक्की देऊन आला असता.