सेडानची वुडी करताना

प्रश्न : माझ्याकडे 1950 ची चार दारांची फोर्ड सेडान आहे. मागचा भाग कापून तिची लाकडी वॅगन (छप्पर थेट मागपर्यंत गेलेली गाडी), म्हणजे वुडी, करायची आहे. सांगाडा पूर्ण लाकडाचा करू का? लाकूड कोणतं घेऊ?
– एक वाचक, मिशिगन

उत्तर : फोर्डच्या वॅगनचं लाकूडकाम तुमच्याच राज्यात, आयर्न माउंटनजवळच्या कारखान्यात व्हायचं आणि लाकूडही आसपासच्या जंगलातलं असायचं. त्यामुळे तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला.

सांगाडा मात्र पूर्ण लाकडाचा करू नका. सेडानचं छप्पर आणि मागच्या बाजू मिळून गाडीला ताठ ठेवतात. करवत लावण्याआधी प्रत्येक दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी टेकू वेल्ड करून घ्या, नाहीतर नंतर दारं लागणार नाहीत. मग चौकोनी नळ्यांचा सांगाडा उभारा आणि त्यावर लाकूड बसवा. त्या वर्षीच्या फोर्ड वॅगनचं छप्परही पोलादीच होतं. ती वॅगन दोनच दारांची होती, म्हणून तिची मापं तुम्हाला चालणार नाहीत. पुठ्ठ्याचे साचे गाडीवर धरून पाहा, चार पावलं मागे जाऊन बघा, पुन्हा कापा. यात महिना गेला तरी जाऊ द्या.

चौकटीला मॅपल किंवा अ‍ॅश घ्या, फळ्यांना महोगनीचं मरीन, म्हणजे बोटींसाठीचं, ओल सोसणारं प्लायवूड. मी अ‍ॅश वापरतो. ते चिवट असतं, स्क्रू घट्ट धरतं. पण ओल धरली की लवकर कुजतं. माझ्या पहिल्या गाडीत दारांच्या खालच्या पट्टीची कापलेली टोकं मी व्हार्निश न लावताच सांध्यात बसवली होती. वरून सगळं आरशासारखं चमकत होतं. तिसऱ्या वर्षी तिथे काळा डाग दिसला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत गेला. चारही दारं उतरवावी लागली. तेव्हापासून प्रत्येक तुकडा जोडण्याआधी सगळ्या बाजूंनी, आणि टोकं तर दोनदा, पातळ इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) बंद करतो.

लाकूड हवेप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं, लोखंड तसं हलत नाही. म्हणून बोल्टची भोकं थोडी लांबट ठेवा. वरून बोटींचं, उन्हाला टिकणारं व्हार्निश सात-आठ हात द्या. दरवर्षी हलकं घासून नवा हात. दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं ठेवा आणि पानं अडकून ती बुजत नाहीत ना, हे प्रत्येक पावसानंतर बघा.