थीम पार्कमधल्या बारीकसारीक तपशिलांकडे खरंच कुणी बघतं का?

तुमचा प्रश्न असा, की लोक येतात राइडसाठी. मग भिंतीवरचे डाग, जुनाट पाट्या, धूळ यावर एवढी मेहनत कशाला? मी नाटकांचं नेपथ्य करतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे.

लोक राइडसाठी येतात म्हणजेच रांगेत ताटकळतात. आणि ताटकळलेला माणूस सगळं बघतो.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘टॉवर ऑफ टेरर’ (१९९४) या पडक्या हॉटेलच्या रूपातल्या राइडचं बघा. गोष्ट अशी: ३१ ऑक्टोबर १९३९च्या रात्री हॉटेलवर वीज कोसळली, लिफ्टमधली माणसं गायब झाली, हॉटेल तेव्हापासून ओस. रांग लॉबीतून जाते. तिथे सामान तसंच पडलंय, सगळीकडे धूळ आणि जळमटं, आणि एका टेबलावर माहजोंग या चिनी सोंगट्यांच्या खेळाचा डाव अर्ध्यावर सोडलेला. नुसत्या धुळीने फार तर ‘जुनं आहे’ एवढं कळलं असतं. अर्धवट डाव बघितला की खेळणारे कुठे गेले हा प्रश्न आपसूक पडतो. माझ्या मते मेख इथेच आहे: वस्तू कितीही सुंदर असो, तिला कुणाचा तरी हात लागून गेलाय असं वाटलं पाहिजे. नाहीतर ती नुसती सजावट.

त्याच परिसरातल्या ‘अ‍ॅनिमल किंगडम’मध्ये (१९९८) हरांबे नावाचं पूर्व आफ्रिकेतलं काल्पनिक गाव उभारलंय. तिथल्या वाटांच्या काँक्रीटमध्ये सायकलच्या चाकांचे माग आणि पानांचे ठसे आहेत. सायकल दिसत नाही, पण कुणीतरी इथून गेलं हे पायाखालीच लिहिलेलं.

जुनेपणा दाखवण्यात मात्र बरेच जण फसतात. सरसकट रंग खरवडला की झालं, असा समज. खऱ्या दाराचा रंग मुठीभोवती उडतो, खाली लाथ बसते तिथे उडतो. वरचा कोपरा शाबूत राहतो. भिंतीवर ओघळ पन्हाळीखालीच हवा. रंगमंचावर चूक पाचव्या रांगेपर्यंत पोचत नाही, पार्कमध्ये पाहुणा भिंतीला हात लावून बघतो.

तपशील गंभीरच हवा असंही नाही. नेदरलँड्समधल्या एफ्टलिंग या थीम पार्कमध्ये १९५९पासून ‘होले बोले खैस’ हा खादाड माणूस आहे. खरं तर ती कचरापेटी! तो ‘कागद इकडे’ म्हणून ओरडतो आणि तोंडाने कागद ओढून घेतो. मुलं त्याला भरवायला कचरा हुडकत फिरतात. या एका कल्पनेचा मला मनापासून हेवा वाटतो.

कॅलिफोर्नियातल्या मूळ डिस्नेलँडच्या (१९५५) मेन स्ट्रीटवर वरच्या खिडक्यांवरची बरीच नावं पार्क उभारणाऱ्यांची आहेत, धंद्याच्या जाहिरातींच्या वेशात. हे आतल्या लोकांसाठी, कळलं नाही तरी काही बिघडत नाही.

काही तपशील तर दिसू नयेत म्हणून असतात. टॉवर ऑफ टेररची उंची १९९ फूट ठेवली, कारण अमेरिकेत २०० फुटांवरच्या इमारतीला विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि १९३९च्या पडीक हॉटेलवर तो लुकलुकला असता तर सगळंच मुसळ केरात. शिवाय त्याची मागची बाजू शेजारच्या एपकॉट पार्कमधून, मोरोक्कोच्या दालनामागे दिसते, म्हणून तिचा रंग आणि छताची घडण त्या दालनाला शोभेल अशी केली आहे.