‘इन्फ्लुअन्स’ म्हणजे दरवेळी ‘प्रभाव’च का?

प्रश्न असा आला आहे: अद्भुतकथा लिहिणारा लेखक पत्रांतून आपल्या लेखनामागचे ‘इन्फ्लुअन्सेस’ सांगतो, ती पत्रं मराठीत आणताना सगळीकडे ‘प्रभाव’ चालेल का?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्कीनच्या पत्रांपुरतं तरी नाही चालणार. १९६०च्या एका पत्रात तो म्हणतो की, दोन्ही महायुद्धांपैकी एकाचाही आपल्या कथानकावर इन्फ्लुअन्स नाही, असलाच तर कदाचित भूप्रदेशाच्या वर्णनात. लगेच पुढे लिहितो, की कादंबरीतली मृतांची दलदल आणि मोरॅनॉन या काळ्या वेशीकडे जाणारा मुलूख पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही देणं लागतो, आणि विल्यम मॉरिस या इंग्रज लेखकाचं त्याहून जास्त. इथे त्याने वेगळं क्रियापद घेतलं आहे, ‘ओ’ (owe), म्हणजे देणं लागणं. दोन्हीकडे ‘प्रभाव’ लिहिलात, तर एका वाक्यात नाकारलेली गोष्ट पुढच्याच वाक्यात कबूल केल्यासारखी होते.

‘प्रभाव’ पडतो. म्हणजे जोर देणाऱ्याचा, घेणारा नुसता समोर असतो. संस्कृतातही या शब्दाचा अर्थ सामर्थ्य, तेज असाच आहे. देणं मात्र घेणाऱ्याने मोजून कबूल करायचं असतं. म्हणून ‘ऋण’ सुचेल, पण त्यात कृतज्ञतेचा गहिवर येतो, शिवाय ‘थोडं ऋण, जास्त ऋण’ कानाला खटकतं. दलदल कुणाचं देणं लागते हेही मराठीत अवघडच. मला इथे ‘वाटा’ सगळ्यात चपखल वाटतो: ‘या वर्णनात सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचा थोडा वाटा आहे, मॉरिसचा त्याहून मोठा.’ कमीजास्तपणा आपोआप येतो.

‘प्रेरणा’ फक्त आरंभापुरती वापरावी. कालेवाला या फिनिश महाकाव्यातली कुल्लेर्वो या अभागी नायकाची कथा आपल्या पद्धतीने मांडू पाहताना आपण रचलेल्या पुराणकथांची सुरुवात झाली, असं तो १९५५मध्ये कवी ऑडनला कळवतो. त्या पहिल्या खटपटीला ‘प्रेरणा’ही तोकडी पडते, ती सरळ कुल्लेर्वोवर ‘बेतलेली’ होती. ‘छाया’ जपून वापरा, तिला नकलेचा वास येतो. १९६१मध्ये स्वीडिश अनुवादकाने त्याच्या अंगठीचं नातं जर्मन दंतकथांतल्या निबेलुंगांच्या अंगठीशी जोडलं, तेव्हा दोन्ही अंगठ्या गोल होत्या आणि साम्य तिथेच संपतं, असं त्याने ठणकावलं. त्याने नाकारली ती ही ‘छाया’.

‘प्रभावाखाली’ तर टाळाच, त्यात लेखकाचा स्वतःवरचा ताबा सुटल्याचा भास होतो.

राहिलं १९५३चं, एका जेझुइट मित्राला लिहिलेलं पत्र. आपली कादंबरी मुळात कॅथलिक आहे, आधी नकळत आणि फेरलेखनात जाणूनबुजून, असं सांगून तो म्हणतो की धर्माचा अंश कथेत आणि प्रतीकांत ‘अ‍ॅब्सॉर्ब’ झाला आहे. ‘शोषला गेला’ लिहिलं की स्पंज डोळ्यांपुढे येतो. जमिनीत पाणी मुरतं, वरून दिसत नाही, पण ओल राहते. तेव्हा ‘धर्मभाव कथेत मुरलेला आहे’ असं लिहा.