टोपण न काढलेलं पेन

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची, नोकरीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीची, निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल: एकोणीस वर्षं मी नोकरभरतीचं काम केलं. टेबलाच्या पलीकडे बसून किती मुलाखती घेतल्या त्याची मोजदाद नाही. त्याआधी टेबलाच्या अलीकडे बसून एकदा व्यवस्थित फसलेही आहे.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची. बी.कॉम. झाल्यापासून चौदा महिने नोकरी शोधतेय. गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीच्या नावाने मेल आला. मुलाखत रात्री साडेनऊला, नुसती चॅटवर. अकरा मिनिटांत ‘अभिनंदन’ आणि दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर. लॅपटॉपसाठी ‘परत मिळणारी अनामत’ मागितली, ती भरली. मग कागदपत्रांच्या पडताळणीचे पैसे, तेही भरले. आता ट्रेनिंग किटचे मागताहेत. ते भरले की तिन्ही रकमा पहिल्या पगारात एकदम मिळतील म्हणे. आईने सगळ्या नातेवाइकांना नोकरी लागल्याचं सांगून टाकलंय. तिसरी रक्कम भरू का? ऑफर लेटर सोबत पाठवतेय.

उत्तर : भरू नकोस. हे वाचेपर्यंत भरली असशील, तर चौथी भरू नकोस. चौथी मागतीलच.

तुझं ऑफर लेटर मी प्रिंट काढून, चष्मा लावून वाचलं. पहिल्या परिच्छेदाचा टाइप एक आणि तुझं नाव जिथे आहे तिथला दुसरा, म्हणजे जुन्या पत्रातलं कुणाचं तरी नाव खोडून तुझं बसवलंय. पगार आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरा. सही आहे, पण मोठी करून पाहिली तर कडेला पांढरी चौकट दिसते. कुठून तरी कापून आणून चिकटवलीय. रुजू होण्याची तारीख रविवारची. हे सगळं कुणाच्याही नजरेतून सुटू शकतं, कारण चौदा महिन्यांनी आलेलं पत्र माणूस चुका काढायला उघडतच नाही.

मेलचा पत्ता बघ. त्यात कंपनीचं नाव आहे, पण त्याला आडवी रेघ जोडून पुढे ‘करिअर्स’ असं शेपूट लावलंय. ‘अमुक डॉट कॉम’ आणि ‘अमुक-करिअर्स डॉट कॉम’ ही दोन वेगळी घरं. त्यातलं दुसरं घर कुणीही, कधीही विकत घेऊ शकतं. असं नाव कोणत्या तारखेला नोंदवलं गेलं ते ‘हूइज’ नावाच्या सार्वजनिक नोंदीत फुकट बघता येतं. तीस वर्षं जुन्या कंपनीचा भरतीचा पत्ता तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेला असेल, तर पुढचं सांगायला नको.

पैशांचं म्हणशील तर, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार आहे. खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून थेट किंवा आडवळणाने शुल्क घेऊ नये, असं त्याचं सातवं कलम सांगतं. त्यात मोजके अपवाद ठेवलेत आणि सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, हेही खरं. पण त्यामागचा विचार कुठेही लागू पडतो: माणूस कंपनीला हवा असतो, तर खर्च कंपनीने करायचा. आणि ‘परत मिळणारी’ या शब्दाने फसू नकोस. परत द्यायचीच असेल तर मागायची कशाला? पहिल्या पगारातून कापून घेता आली असती.

तिसऱ्या रकमेचा सापळा मात्र नीट समजून घे, कारण यात हुशार माणसंही अडकतात. पहिल्या दोन रकमा गेल्यात, हे तुला आतून कळलंय. पण तिसरी भरली नाही तर तू स्वतःच त्या गेल्याचं कबूल केल्यासारखं होतं. भरली तर ती कबुली आणखी आठवडाभर पुढे जाते. ते तुला नोकरी विकत नाहीयेत, हा आठवडा विकताहेत. आणि त्याचा भाव दर वेळी वाढतो.

आता माझी गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते. जाहिरातीत ‘कार्यालयीन सहायक, अनुभव नको’ असं होतं. एका हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण आणि समोर घडीच्या टेबलामागे टाय लावलेला गृहस्थ. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. माझ्याशी तो फार छान बोलला. घरी कोण असतं, वडील काय करतात, नोकरीची किती गरज आहे, सगळं विचारलं. ‘तुमच्यात आत्मविश्वास आहे’ म्हणाला. नोंदणीचे पैसे भरले आणि मी हवेत तरंगत घरी आले. रुजू व्हायच्या दिवशी त्या हॉलला कुलूप. दारात आम्ही सतरा जण जमलो होतो आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

बरीच वर्षं मला वाटायचं की मी मूर्ख होते. पुढे स्वतः मुलाखती घ्यायला लागले तेव्हा एक दिवस लिहिता लिहिता हात थांबला. त्या गृहस्थाच्या हातात पेन होतं, तो ते बोटांत फिरवत होता, पण त्याने त्याचं टोपण काढलंच नव्हतं. चाळीस जणांपैकी एकाबद्दलही त्याने एक अक्षर लिहिलं नाही. लिहायचं कशाला? कुणाला नाकारायचं असतं तर लिहिलं असतं.

खऱ्या मुलाखतीत समोरचा माणूस धास्तावलेला असतो, हे उमेदवारांना माहीतच नसतं. चुकीचा माणूस घेतला तर सहा महिन्यांनी साहेबासमोर मलाच उभं राहावं लागायचं. म्हणून मी खोदून विचारायचे: हे वर्ष मधलं रिकामं का, हे काम तुम्ही एकट्याने केलं की गटात, मग अडलं तेव्हा काय केलंत? मुलांना वाटायचं बाई खडूस आहे. असेनही. तुझ्या अकरा मिनिटांच्या चॅटमध्ये एक तरी प्रश्न असा होता का, ज्याचं तू चुकीचं उत्तर देऊ शकली असतीस? मी वाचली. नव्हता. ‘तुम्ही मेहनती आहात का?’ याला नाही कोण म्हणेल!

करायचं एवढंच: पैसे ज्या खात्यातून गेले त्या बँकेला आजच कळव, सायबर पोलिसांत तक्रार कर, चॅट पुसू नकोस. कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरून नंबर घेऊन तिथेही सांग. त्यांच्या नावाने हे चाललंय हे त्यांना बहुतेक माहीत नसतं. आणि आईला सांग. नातेवाइकांचं ती बघून घेईल.

प्रश्न : टेलिग्रामवर पार्टटाइम काम मिळालं. हॉटेलांना आणि ॲप्सना रेटिंग द्यायचं, चाळीस ‘टास्क’ झाले की कमिशन. पहिल्या तीन दिवसांचे पैसे खरोखर खात्यात आले, त्यामुळे विश्वास बसला. आता ‘कॉम्बो टास्क’ लागला, वॉलेटमधली शिल्लक उणे झाली आणि ती भरून काढेपर्यंत माझी कमाई काढता येत नाही. ग्रुपमधले बाकीचे भरून मोकळे झाले, त्यांना पैसेही मिळाले.
— अंतिम वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : ग्रुपमधले बाकीचे म्हणजे तेच लोक. एकच माणूस चार फोन घेऊन बसलेला असतो.

स्क्रीनवरची शिल्लक म्हणजे त्यांनी त्यांच्या पानावर टाइप केलेला आकडा आहे. तो उणे करायला त्यांना तेवढंच लागतं, जेवढं मला इथे उणे चिन्ह काढायला. तीन दिवसांचे खरे पैसे हा त्यांचा गळाला लावायचा खर्च. आधी छोटी गोष्ट करायला लावली की माणूस पुढे मोठीलाही हो म्हणतो, हे फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. हे लोक तेच टप्प्याटप्प्याने करतात. प्रकार किती झपाट्याने पसरला बघ: अमेरिकेत ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे २०२० मध्ये अशा टास्कची एकही तक्रार नव्हती, २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, म्हणून विचारते. ते तीन दिवसांचे पैसे कुणाच्या नावावरून आले? बहुतेक वेळा ते तुझ्यासारख्याच दुसऱ्या फसलेल्याचे असतात. आणि ‘खात्यात रक्कम येईल, थोडी ठेवून बाकी पुढे पाठवा’ असं काम दिलं, तर त्याला नोकरी समजू नकोस. चोरीचा पैसा तुझ्या खात्यातून फिरतो आणि पोलीस आधी तुझ्या दारात येतात. गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणत आता कुणीतरी नक्की संपर्क करेल. तोही त्यांच्यातलाच.

प्रश्न : ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ म्हणून मुलाखत झाली. दुसऱ्या फेरीला ‘निरीक्षण दिवस’ म्हणाले. दिवसभर एका मुलामागे दारोदार फिरलो, तो वस्तू विकत होता. संध्याकाळी सांगितलं की निवड झाली, सुरुवात ‘फील्ड’पासून, पगार नाही पण कमाईला मर्यादा नाही. कुणी पैसे मागितले नाहीत. मग ही फसवणूक म्हणायची का?

उत्तर : कायद्याच्या भाषेत कदाचित नाही. माझ्या भाषेत हो. विक्रीचं काम वाईट नाही. माझ्या ओळखीतले काही फार चांगले लोक त्यातून वर आले. पण काम विक्रीचं आणि मोबदला फक्त कमिशनवर, हे जाहिरातीत लिहिलं असतं तर तू आलाच नसतास, आणि तू आला नसतास म्हणूनच ते लिहिलं नाही. तुझा एक अख्खा दिवस फुकट वापरला गेला, तो वेगळाच. ज्याच्यामागे फिरलास त्याला एकट्याला गाठून विचार: मागच्या महिन्यात, येण्याजाण्याचा खर्च वजा करून, हातात किती राहिले? तो किती वेळ गप्प राहतो तेही बघ.

प्रश्न : मी प्रोग्रामर आहे. मुलाखत घेणाऱ्याने एक प्रोजेक्ट पाठवला आहे. तो माझ्या लॅपटॉपवर चालवून त्यातली चूक शोधायची. हे नेहमीचंच ना?

उत्तर : चाचणी नेहमीची, पण अनोळखी माणसाचा कोड स्वतःच्या रोजच्या मशीनवर चालवू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये सायबरसुरक्षा संशोधकांनी ‘कंटेजिअस इंटरव्ह्यू’ नावाने एक मोहीम उघड केली, तिचा धागा उत्तर कोरियापर्यंत पोहोचतो. त्यात खोटी मुलाखत आणि कोडमध्येच लपवलेला चोर, हीच पद्धत होती. २०२२ मध्ये ॲक्सी इन्फिनिटी या खेळाच्या यंत्रणेतून ६० कोटी डॉलरहून अधिक किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं, तेव्हाही सुरुवात एका इंजिनिअरने उघडलेल्या खोट्या ऑफरच्या पीडीएफपासून झाल्याच्या बातम्या होत्या. वेगळ्या, रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आतच चालणाऱ्या वेगळ्या आभासी संगणकावर, चालवा. ‘वेळ नाही, आत्ताच चालवा’ असं म्हणाले तर चालवूच नका.

प्रश्न : मुलाला परदेशात ‘कस्टमर सपोर्ट’ची नोकरी मिळते आहे. तिकीट ते काढणार. जायचं पर्यटक व्हिसावर, तिथे पोहोचल्यावर बदलून देतील म्हणतात. मुलगा ऐकत नाही.
— एक वडील

उत्तर : तुम्ही घाबरला आहात ते बरोबर आहे. थायलंडमधली नोकरी सांगून मुलांना नेतात आणि नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडी भागातल्या कुंपणबंद आवारात पोहोचवतात. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि मारहाण करून इतरांना ऑनलाइन फसवायचं काम करायला लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा परिस्थितीत असावेत असा अंदाज दिला होता. त्यातले बरेच शिकलेले, इंग्रजी येणारे आहेत. संगणक चालवणाराच त्यांना हवा असतो.

मुलाशी वाद घालू नका, त्याला एकच काम सांगा: नोकरीचा व्हिसा इथूनच हातात दे, मग मी स्वतः विमानतळावर सोडायला येतो. आणि ज्या देशात जायचं सांगितलंय, तिथल्या आपल्या दूतावासाला कंपनीचं नाव-पत्ता मेलने पाठवून विचारा.

जाता जाता पहिल्या पत्राबद्दल. उत्तर छापून येईपर्यंत ती मुलगी थांबणार नाही हे दिसत होतं, म्हणून मी तिला आधीच मेल केला होता. तिसरी रक्कम देण्याआधी त्यांना एक साधा प्रश्न विचारायला सांगितलं: माझ्या आधी या जागेवर कोण काम करत होतं आणि त्यांनी का सोडलं? पैसे भरले गेले नाहीत. त्यांचं उत्तर तिने मला जसंच्या तसं पाठवलं: ‘डिअर कँडिडेट, प्लीज पे टुडे.’