निफाडकडं मळ्यात राहायला आलोय, थंडी नेमकी कधी सुरू होते आणि काय तयारी करावी लागते?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून निफाडजवळ मळ्यातल्या घरात राहायला आलाय, दोन लहान मुलं आहेत, दोन गायी घेतल्यात, आणि हा पहिलाच हिवाळा. माझं माहेर ठाण्याचं, लग्न होऊन इकडं आले त्याला २२ वर्षं झाली, आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर आत, चारी बाजूंनी द्राक्षबाग आणि ऊस, त्यामुळे तुमची धास्ती मला चांगलीच कळते.

थंडीची तारीख सांगता येत नाही. दसऱ्याला अजून ऑक्टोबर हीटनं जीव नकोसा झालेला असतो, कोजागिरीला दूध आटवायला बाहेर बसलं की पाठीला जरा गार लागतं पण दुसऱ्या दिवशी दुपारी परत पंखा. खरी थंडी दिवाळीनंतर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून, आणि ती हळूहळू येत नाही, दोन-तीन रात्रीत येते. खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजलेली दिसली की समजायचं सुरुवात झाली.

माझ्या सासूबाईंची खूण मात्र रेल्वेची होती. मनमाड-नाशिक लाईन आमच्यापासून बरीच लांब, पावसाळ्यात गाडीचा आवाज कधी येत नाही, पण ज्या रात्री मालगाडी आपल्याच बांधावरून गेल्यासारखी ऐकू यायची त्या रात्री त्या म्हणायच्या, उद्या गोधड्या उन्हात टाक गं. मला ते पटायचं नाही, मग मुलाच्या भूगोलाच्या सरांनी समजावलं तेव्हा कळलं की आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडते, जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची तिच्यापेक्षा गरम राहते, म्हणून आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबपर्यंत येतो. चुलीचा धूर संध्याकाळी वर न जाता बागेवर पसरून राहतो तेही त्याचमुळे. म्हणून मी अजूनही संध्याकाळी आधी आभाळ बघते, मग मोबाईल. चांदण्या लख्ख आणि पान हलत नाही म्हणजे पहाट कडक जाणार. ढग असले तर गारठा कमी पण मग द्राक्षबागवाल्यांना डावणी रोगाची आणि कांदावाल्यांना करपा रोगाची काळजी, म्हणजे सुख दोन्हीकडं नाही.

टीव्हीवर निफाडचा जो आकडा सांगतात तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तुमचं घर गोदावरी किंवा कादवा नदीच्या बाजूला सखलात असेल तर तुमच्याकडं त्याहून जास्त गार लागू शकतं, गार हवा जड असते ती पाण्यासारखी खाली उतरून साचते. २०१८ च्या डिसेंबरात शेवटच्या आठवड्यात पारा २ अंशांच्या खाली गेला होता, त्या सकाळी आमच्या हरभऱ्यावरचं दहिवर गोठून पांढरं झालेलं मी हातानं खरवडून बघितलंय. गव्हाला तीच थंडी मानवते, फुटवे चांगले फुटतात, शेजारच्या बांधापलीकडं गहूवाले खूश आणि इकडं आम्ही पहाटे ३ ला बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतोय, ड्रीप चालू करतोय. विहिरीचं पाणी अशा वेळी हवेपेक्षा गरम असतं, त्यानं मुळ्यांजवळ ऊब राहते. द्राक्षाला फार थंडी लागली की मणी फुगायचे थांबतात, आणि वर्षाचा सगळा हिशोब त्या मण्यावर असतो.

या सगळ्यात सगळ्यात जास्त हाल पाणी भरणाऱ्या माणसाचे. शेतीची थ्री फेज लाईट अजून बऱ्याच ठिकाणी काही दिवस रात्रीचीच असते, म्हणजे रात्री १२ ला लाईट आली की गडी माणूस थंडीत पाण्यात अनवाणी उभा, त्यात उसात बिबट्या. ज्यांना आता सोलरच्या फीडरवर दिवसा लाईट मिळते ते सुटले. तुमच्याकडं रात्रीची असेल तर एकट्यानं जाऊ नका आणि जाऊ देऊ नका, गमबूट आणि मोठी बॅटरी हवीच. बाकी साप थंडीत सुस्त होतात पण घोणस या दिवसांतही फिरते, सरपणात आणि पाचटात हात घालताना आधी काठीनं हलवा.

गायींचं सांगते. गाय थंडी सोसते, वासरू सोसत नाही, त्यातून जन्मलेलं ओलं वासरू तर अजिबात नाही, त्याला लगेच बारदानानं खसखसून कोरडं करायचं. गोठ्यात सिमेंटचा कोबा असेल तर उसाचं पाचट नाहीतर भुसा जाडसर पसरा आणि ओला झाला की बदला. उत्तरेकडून बारदानाचा पडदा लावा पण वरची हात-दीड हात जागा मोकळी ठेवा, आम्ही पहिल्या वर्षी सगळं गच्च बंद केलं आणि वासराला ढास लागली, गोमूत्राची वाफ आतच कोंडत होती. सडांना भेगा पडतात म्हणून दूध काढून झालं की थोडं तेल लावत जा.

मुलांसाठी एकच गोष्ट हात जोडून सांगते, कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही येत नाही आणि झोपलेलं माणूस उठतच नाही. शेकायचं ते अंगणात, झोपायच्या आधी, आणि आत येताना निखारे बाहेरच ठेवायचे. पहाटे अंगावर जाड एक घालण्यापेक्षा सुती, त्यावर स्वेटर असं घाला, ९ नंतर ऊन लागलं की एकेक काढता येतं, कारण दुपारी इकडं २८-३० पर्यंतही जातं आणि पोरं घामेजून परत गारव्यात गेली की सर्दी.

बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, मेथी हे तुम्हाला शेजारणी सांगतीलच. ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, दिवाळीनंतर जवळपास पडतील, त्यांची लेकरं नुसत्या कापडाच्या आडोशाला झोपतात, जुने स्वेटर पुण्याहून आणले असतील तर बाजूला काढून ठेवा, मी दरवर्षी पहिली थंडी पडायच्या आत नेऊन देते, नंतर दिले तर तोवर लेकरं आजारी पडलेली असतात.