पॅसिव्ह टाळू की वापरू? वाक्यात पुढे कोण बसणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शाळेत ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करण्यात तुम्हाला पैकीच्या पैकी मार्क पडायचे. आता ऑफिसात ईमेल लिहिताना सॉफ्टवेअर पॅसिव्ह वाक्यांखाली निळी रेघ ओढतं, साहेब म्हणतात पॅसिव्ह लिहूच नका, आणि क्लायंटकडून आलेलं ॲग्रीमेंट बघावं तर ते पॅसिव्हने भरलेलं. वर एका सहकाऱ्याने सांगितलं की पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोगच, त्यात घाबरण्यासारखं काय आहे.

सहकाऱ्याच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांचा बराचसा घोळ तिथेच होतो. कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह नव्हे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी, कारण क्रियापद आंब्याच्या मागे चालतं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. पण याचं इंग्रजी ‘राम एट द मँगो’ असंच होतं, आणि ते शंभर टक्के ॲक्टिव्ह आहे. प्रयोग सांगतो की क्रियापदाचं रूप कुणाप्रमाणे बदलतं. व्हॉइस सांगतो की सब्जेक्टच्या जागी करणारा बसलाय की ज्याच्यावर क्रिया झाली तो. दोन्ही एकच मानलं, तर ‘मी चहा घेतला’, ‘आईने भाजी आणली’ ही आपली रोजची भूतकाळी वाक्यं सगळी पॅसिव्ह ठरतील. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी वाक्य म्हणजे ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. परीक्षेच्या पुस्तकांत त्याला नवीन कर्मणी म्हणतात. घरी असं बोलून बघा, तब्येत बरी आहे ना असं विचारतील.

आता याचा ईमेलशी काय संबंध? आहे, आणि थेट आहे. कर्मणीमुळे मराठीत एक सोय झालीय: करणारा गाळला तरी चालतो. ‘रिपोर्ट काल पाठवला.’ कुणी? मीच, आणखी कोण. वाक्य पूर्ण वाटतं, कारण क्रियापद रिपोर्टशी जुळलेलं आहे. हेच डोक्यात ठेवून माणूस लिहितो, ‘द रिपोर्ट सेंट येस्टरडे’. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं रिपोर्टनेच कुणाला तरी काहीतरी पाठवलं, आणि काय पाठवलं ते लिहायचं राहिलंय. दुरुस्तीचे दोनच मार्ग. करणारा आणा: ‘आय सेंट द रिपोर्ट येस्टरडे’. नाहीतर ‘वॉज’ आणा: ‘द रिपोर्ट वॉज सेंट येस्टरडे’. मी ऑफिसचे इंग्रजी मसुदे तपासतो, आणि त्यात अनावश्यक पॅसिव्हपेक्षा हा अर्धवट राहिलेला पॅसिव्ह कितीतरी जास्त दिसतो.

याचाच घातक भाऊ म्हणजे ‘आय टोल्ड’. ‘मला सांगितलं की मीटिंग रद्द झाली’ याचं लोक सर्रास ‘आय टोल्ड दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड’ करतात. व्याकरण लंगडं आहे ते सोडा, अर्थच उलटतो. ऐकणारे तुम्ही, आणि वाक्यात सांगणारे झालात. उद्या मीटिंग कुणी रद्द केली यावरून वाद झाला तर हा ईमेल तुमच्याविरुद्ध जाईल. हवं ते वाक्य ‘आय वॉज टोल्ड’. मराठीत ‘मला’ हा शब्द ‘मला’च राहतो, वाक्य कसंही फिरवा. ‘मला सांगितलं’, ‘मला सांगण्यात आलं’, दोन्हीकडे चतुर्थी. इंग्रजीत मात्र ज्याला काही मिळालं किंवा कळलं, त्यालाच उचलून सब्जेक्टच्या जागी बसवता येतं. ‘आय वॉज गिव्हन टू डेज’, ‘वी वर आस्क्ड टू वेट’, ‘शी वॉज ऑफर्ड द जॉब’. ही वाक्यं आपल्या तोंडात आपोआप येत नाहीत. मुद्दाम बसवावी लागतात, आणि ऑफिसच्या इंग्रजीत यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच पॅसिव्हचा होत नाही.

मग इंग्रजीला पॅसिव्ह लागतो कशाला? मराठीत ‘हा पूल त्यांनी बांधला’ म्हणा की ‘त्यांनी हा पूल बांधला’ म्हणा, कोणी कोणाला बांधलं याबद्दल गोंधळ होत नाही. विभक्ती सांभाळून घेते. म्हणून ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याला आपण सहज पुढे आणतो. इंग्रजीत नामांचे तसले प्रत्यय जवळजवळ राहिलेच नाहीत. क्रियापदाच्या आधी जो बसला तो सब्जेक्ट. तेव्हा पुलाला पुढे आणायचं तर क्रियापदाचा साचाच बदलावा लागतो, आणि तो बदललेला साचा म्हणजे पॅसिव्ह. आपण जे काम शब्द पुढेमागे करून करतो, त्यातलं बरंचसं इंग्रजी व्हॉइस बदलून करतं.

उदाहरण घ्या. परिच्छेद गेटवे ऑफ इंडियाबद्दल आहे: ‘द गेटवे ऑफ इंडिया स्टँड्स ॲट अपोलो बंदर. इट वॉज डिझाइन्ड बाय जॉर्ज विटेट अँड कम्प्लीटेड इन 1924.’ इथे पॅसिव्हच बरोबर, कारण वाचणाऱ्याची नजर गेटवेवर आहे आणि ती तिथेच ठेवायची आहे. मध्येच ‘जॉर्ज विटेट डिझाइन्ड इट’ घातलंत तर नवा माणूस अचानक समोर येतो आणि गेटवे मागे पडतो. पण परिच्छेद विटेटबद्दल असेल, तर हीच माहिती ‘ही डिझाइन्ड द गेटवे ऑफ इंडिया अँड द प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ अशी ॲक्टिव्हमध्ये यायला हवी. एकच माहिती, दोन व्हॉइस, दोन्ही बरोबर. आधीच्या वाक्यात कोणाची गोष्ट चालली होती ते बघायचं आणि त्याला पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचं. हा एक विचार केलात तर निम्म्याहून जास्त वेळा व्हॉइस आपोआप योग्य निवडला जातो.

शाळेतल्या सरावाने आपल्याला ‘बाय’ची सवय लावली. ‘अ मँगो इज ईटन बाय राम.’ प्रत्यक्षात लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतोच. करणारा माहीत नसतो, किंवा सगळ्यांना माहीतच असतो, किंवा कुणाला त्याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून तर पॅसिव्ह वापरलेला असतो. ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’ एवढं पुरे. पुढे ‘बाय अ थीफ’ लिहिलंत तर वाचणारा हसेल. ‘बाय’ तेव्हाच ठेवा जेव्हा करणाऱ्याचं नाव हीच बातमी आहे, जसं वर विटेटचं. आणि प्रत्येक पॅसिव्हमागे ‘बाय’च येतो असंही नाही: हत्यार असेल तर ‘विथ’ (‘ही वॉज ॲटॅक्ड विथ अ नाइफ’), ओळखीचा असेल तर ‘नोन टू’.

आता तुमच्या साहेबांचा नियम. ‘पॅसिव्ह टाळा’ हा सल्ला इंग्रजी जगात जुना आहे. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने 1946 साली इंग्रजी गद्यावरच्या निबंधात तो नियम म्हणूनच दिला, आणि गंमत म्हणजे त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात ‘इट इज जनरली अझ्यूम्ड’ असा पॅसिव्ह त्याने स्वतः वापरला. मला तो ढोंगी वाटत नाही. तिथे त्याला तेच हवं होतं. सल्ल्यामागची खरी तक्रार पॅसिव्हबद्दल नाही, जबाबदारी लपवण्याबद्दल आहे. जानेवारी 1987 मध्ये, इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर बोलताना, तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकी काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, ‘सीरियस मिस्टेक्स वर मेड’ म्हटलं. कुणी केल्या ते वाक्यात नाही. पण 1876 मध्ये तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष ग्रँट यांनीही ‘मिस्टेक्स हॅव बीन मेड’ म्हटलं होतं, आणि पुढे लगेच ‘ॲज ऑल कॅन सी अँड आय ॲडमिट’ जोडलं. पॅसिव्ह तोच, पण कबुलीही आहे. उलट ‘अ मिस्टेक हॅपन्ड’ हे ॲक्टिव्ह वाक्य आहे, आणि त्यात माणूस ‘वर मेड’पेक्षा जास्त लपलाय. सॉफ्टवेअरची रेघ हा फरक दाखवत नाही. तुम्हाला तो दिसायला हवा.

म्हणून चूक तुमच्या टीमची असेल तर सरळ ‘वी मिस्ड द डेडलाइन’ लिहा. ‘द डेडलाइन वॉज मिस्ड’ वाचून क्लायंटला नेमका राग येतो. समोरच्याची चूक असेल तर मात्र पॅसिव्ह कामाला येतो: ‘यू डिड नॉट ॲटॅच द फाइल’ हे बोट दाखवणं झालं, ‘द फाइल वॉज नॉट ॲटॅच्ड’ यात समोरच्याची अब्रू राहते. ॲग्रीमेंटमध्ये हे दाक्षिण्य चालत नाही. ‘द डिपॉझिट शॅल बी रिटर्न्ड विदिन 30 डेज’ असं कलम दिसलं तर विचारा, परत करणार कोण? मालक की एजंट? ‘द ओनर शॅल रिटर्न द डिपॉझिट’ असं करून घ्या. क्लायंटचं ॲग्रीमेंट पॅसिव्हने भरलंय म्हणून ते बरोबरच असेल असं धरून चालू नका.

सरकारी मराठीचाही थोडा हात आहे यात. ‘आपणास सूचित करण्यात येते की’ वाचत वाढलेला माणूस इंग्रजीत ‘इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड टू यू दॅट’ लिहितो. ‘इन्फॉर्म’ नेहमी माणसाला करतात, माहितीला नाही, त्यामुळे हे वाक्य व्याकरणातही बसत नाही. ‘द ऑफिस विल बी क्लोज्ड ऑन मंडे’ एवढंच लिहा, सूचना आपोआप मिळते. शास्त्रीय लेखनात सगळं पॅसिव्हच हवं हाही असाच एक समज. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा लेख ‘वी विश टू सजेस्ट’ असा सुरू होतो. प्रयोगाची कृती सांगताना ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ ठीकच आहे, कारण गरम कुणी केलं याला महत्त्व नाही.

काही क्रियापदांचं पॅसिव्ह होतच नाही, आणि इथे मराठी ‘झाला होता’ आपल्याला फसवतो. ‘अपघात झाला होता’चं ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ होतं, कारण ‘होता’साठी हात आपोआप ‘वॉज’कडे जातो. हॅपन, ऑकर, अराइव्ह, डाय, डिसॲपिअर यांच्यापुढे ‘काय?’ किंवा ‘कुणाला?’ विचारून बघा. उत्तर येत नाही, म्हणजे ऑब्जेक्ट नाही, म्हणजे पुढे आणायला कुणी नाही. (‘हॅव’ आणि ‘फिट’ ही चाचणी पास होऊनही सहसा पॅसिव्ह होत नाहीत, ती तेवढी लक्षात ठेवायची.) याच्या उलट ‘बॉर्न’. ‘माझा जन्म साताऱ्यात झाला’ यात पॅसिव्हचा वासही नाही, पण इंग्रजीत ‘आय वॉज बॉर्न इन सातारा’. ‘वॉज’ गाळायचा नाही, त्याच्या जागी ‘ॲम’ही घालायचं नाही.

सगळ्यात मजेदार गल्ली ही: मराठीत फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत. काच फुटली, काच फोडली, काच फोडली गेली. इंग्रजीत या तिन्हींना मिळून एकच ‘ब्रेक’. फुटली म्हणजे ‘द ग्लास ब्रोक’, फोडली म्हणजे ‘समवन ब्रोक द ग्लास’, फोडली गेली म्हणजे ‘द ग्लास वॉज ब्रोकन’. आपोआप झालं असेल तर पॅसिव्ह नको. ‘द सर्व्हर क्रॅश्ड’ लिहायचं. ‘द सर्व्हर वॉज क्रॅश्ड’ लिहिलंत तर कुणीतरी मुद्दाम पाडला असं सूचित होतं, आणि आयटीवाले तुम्हाला शोधत येतील.

तुम्ही दिलेला मसुदा असा होता: ‘द डेटा वॉज रिसीव्ड बाय अस ऑन मंडे. इट वॉज चेक्ड बाय मी. सम एरर्स वर हॅपन्ड. रिव्हाइज्ड शीट ॲटॅच्ड.’ मी तो असा करेन: ‘वी रिसीव्ड द डेटा ऑन मंडे. आय चेक्ड इट अँड फाउंड सम एरर्स. दीज हॅव बीन करेक्टेड, अँड द रिव्हाइज्ड शीट इज ॲटॅच्ड.’ पहिल्या दोन वाक्यांत करणारे तुम्हीच, मग ‘बाय अस’, ‘बाय मी’ असे शेपटीला कशाला? शेवटी मात्र वाचणाऱ्याला चुकांचं पुढे काय झालं एवढंच हवंय, म्हणून तिथे पॅसिव्ह मुद्दाम ठेवलाय. त्याखाली निळी रेघ आली तर येऊ द्या.

दहावीतल्या मुलीला यातलं किती सांगायचं, असंही तुम्ही विचारलंय. परीक्षेपुरतं काहीच नको. व्हॉइस बदला म्हटलं की करणाऱ्याचं नाव दिलेलं असेल तर तिने ‘बाय’ लावावा, काळ तोच ठेवावा, ‘हू रोट धिस?’चं ‘बाय हूम वॉज धिस रिटन?’ करावं. ‘पीपल’, ‘समवन’ असा सब्जेक्ट असेल तर ‘बाय’ गाळलेला चालतो. बाकीचं पेपर झाल्यावर, सुट्टीत.