जुन्या इंग्लिश उभ्या घड्याळाच्या तबकडीवरचं नाव बनवणाऱ्याचंच असतं का?

नेहमी नाही. १६७० च्या सुमारास अँकर एस्केपमेंट (लंबकाच्या तालावर चाक एकेक दात पुढे सोडणारा, नांगराच्या आकाराचा भाग) आलं, त्याबरोबर सुमारे ९९ सेंमीचा लंबक आणि तो मावेल अशी उंच पेटी. तेव्हाच्या लंडनमध्ये नामांकित घड्याळजी थॉमस टॉम्पियनचं नाव म्हणजे त्याच्याच कारखान्याचा माल (नकला झाल्या, तो भाग वेगळा!). १७७० नंतर मात्र बर्मिंगहॅमहून रंगवलेल्या पांढऱ्या तबकड्या तयार मिळू लागल्या. गावोगावचे घड्याळजी सुटे भाग आणून जुळवत आणि वर आपलं नाव घालत. तबकडीमागे लोखंडी पट्टी असेल तर तिच्यावर तबकडीवाल्याचं नाव पुष्कळदा ओतलेलं सापडतं. विकत घेणार असाल तर यंत्र ज्या फळीवर बसतं ती आधी बघा. जादा भोकं, नव्या लाकडाचे तुकडे दिसले, तर यंत्र एकीकडचं नि पेटी दुसरीकडची असण्याची दाट शक्यता.